झँथन गम: दाट करतो, थिजवत नाही

झँथन गम ही खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं दाट करायची पावडर. तिला नावं ठेवली जातात ती मुख्यतः दोन गोष्टींवरून. एक, गाठी झाल्या. दोन, एवढी टाकूनही घट्ट म्हणून झालं नाही. गाठींचा दोष हाताचा आहे आणि पुढे सांगितलेल्या रीतीने तो जातो. दुसऱ्या तक्रारीतला दोष शब्दाचा आहे. पुडीवर 'थिकनर' छापलेलं असतं, आपण मनातल्या मनात त्याचं 'घट्ट करणारं' करतो, आणि घट्ट म्हटलं की सुरीने कापता येईल असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ही पावडर ते करत नाही. पण तिचं जे काम आहे, म्हणजे थंड पातळ द्रवाला चिमूटभर पावडरीत दाटपणा देणं आणि तो टिकवणं, त्यात तिच्या तोडीला बसेल असं फार थोडं आहे.

मराठीला हा फरक नीट कळतो. तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं, दूध आटतं, शिजायला ठेवलेलं पातळ आळतं. यातलं एक क्रियापद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं की कानाला खटकतं, कारण प्रत्येकामागचं कारण निराळं आहे. आटताना पाणी उडून जातं. थिजताना फक्त उष्णता जाते. पुन्हा तापवलं की पहिल्यासारखं. साकळलेलं रक्त मात्र तापवून परत पातळ होत नाही. आणि 'दाट' या सगळ्यांहून वेगळा: दाट झालेला पदार्थ वाहत राहतो, फक्त सावकाश. झँथन गमचं सगळं काम या एका शब्दात मावतं.

शास्त्रीय मराठीत या गुणाला श्यानता म्हणतात, म्हणजे इंग्रजीतली व्हिस्कॉसिटी. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'व्हिस्कम' आहे: झाडावर वाढणारं मिसलटो हे बांडगूळ, आणि त्याच्या चिकट फळांपासून पक्षी धरायला केलेला चीक. तिकडे मूळ कल्पना चिकटण्याची. आपल्याकडच्या शब्दाचं मूळ संस्कृत श्यै या धातूत आहे, आणि त्याची गंमत पाणिनीच्या एका सूत्रात आहे. अष्टाध्यायीत ६.१.२४ वर 'द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः' असं सूत्र येतं. भूतकाळवाचक प्रत्यय लागताना या धातूचं रूप दोन अर्थांत बदलतं: द्रवाला मूर्ती येणं हा एक आणि स्पर्श हा दुसरा. स्पर्शाच्या अर्थी रूप होतं शीत. द्रवाला मूर्ती येण्याच्या अर्थी होतं शीन. काशिका या अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेतली उदाहरणं अगदी घरची आहेत: शीनं घृतम्, शीनं मेदः, म्हणजे थिजलेलं तूप, थिजलेली चरबी. गारवा आणि थिजणं एकाच धातूच्या पोटी जन्माला आले, कारण तूप थिजतं तेच मुळी गारठ्याने.

'द्रवमूर्ती' हा शब्द इथे थांबून बघण्यासारखा आहे. मूर्ती ज्या मूर्छ् धातूपासून येते त्याच्या अर्थांत घट्ट होणं, आकार धरणं हेही आहे. मूर्त म्हणजे आकार धरलेलं. मूर्च्छा त्याच धातूची. तेव्हा द्रवमूर्ती म्हणजे प्रवाही पदार्थाने स्वतःचा आकार धरणं. या दोन अर्थांखेरीज इतरत्र धातूचं रूप श्यान असंच राहतं. व्याकरणातलं उदाहरण आहे 'संश्यानो वृश्चिकः', थंडीने आखडलेला विंचू. आता मजा अशी की द्रवाच्या दाटपणासाठी आज आपण जो शब्द वापरतो, श्यानता, त्यात पाणिनीने थिजलेल्या द्रवासाठी राखलेलं रूप नाही, दुसरं आहे. व्याकरणाच्या काटेकोर नजरेला ही चूक वाटेल. पदार्थाच्या बाजूने बघितलं तर ती चूक नाही. मध दाट आहे पण त्याला मूर्ती आलेली नाही. तो भांड्याचा आकार घेतो. जे दाट झालं पण थिजलं नाही ते श्यान, जे थिजलं ते शीन, अशी वाटणी केली तर झँथन गमची परीक्षा एका वाक्यात होते: तो द्रव श्यान करतो, शीन करत नाही.

कशामुळे, ते त्याच्या रचनेत आहे. झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस नावाचा जीवाणू साखरेवर वाढवला की तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो. तेच आवरण अल्कोहोलने साकळवून, वाळवून, दळून ही पावडर होते. नावातलं 'झँथोस' ग्रीक आहे, अर्थ पिवळा. जीवाणूच्या वसाहती पिवळ्या दिसतात म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत अॅलिन जीन्स आणि सहकाऱ्यांनी हा पदार्थ शोधला आणि १९६९ मध्ये अमेरिकेत तो खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांच्या युरोपीय यादीत त्याचा क्रमांक ई ४१५. रेणूचा कणा सेल्युलोजसारखा, ग्लुकोजची सरळ साखळी. तिच्या एक सोडून एक ग्लुकोजवर तीन साखरेच्या रेणूंची फांदी. या फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत, पाण्यात ताठ काठ्यांसारख्या पसरतात आणि एकमेकींत अडकतात. अडकतात, पण गाठ मारत नाहीत. ढवळलं की काठ्या प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि द्रव पातळ होतो. हात थांबला की क्षणात पुन्हा अडकतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक काचेचा पेला पुरे. अर्धा लिटर पाण्यात दीड ग्रॅम गम नीट विरघळवायचा, तासाभराने पेल्यात ओतून त्यात मिरीची भरड टाकून एकदा ढवळायचं. चमचा फिरत असताना द्रव जवळजवळ पाण्यासारखा हलतो. चमचा काढला की मिरीचे कण जिथल्या तिथे थांबतात. कुठला कण पेल्याच्या मध्यावर, कुठला काठाशी, आणि त्यांच्या शेजारी दोन-चार हवेचे बुडबुडे, तेही अधांतरी. दुसऱ्या दिवशी बघितलं तरी भरड खाली बसलेली नसते. मधात असं होत नाही. मध हाताला कितीतरी दाट लागतो, पण त्यातला बुडबुडा सावकाश का होईना वर येतोच. झँथनच्या द्रावणात एका मर्यादेखालच्या जोराला द्रव दादच देत नाही. म्हणून तेल-व्हिनेगरचं मिश्रण, औषधाची सस्पेन्शन, शाम्पूतले कण, तेलविहिरीच्या खोदकामातला चिखल, सगळीकडे हा लागतो. दुसऱ्याचा आकार तो धरून ठेवतो, स्वतःचा धरत नाही. पेला उलटा केला की सगळं खाली.

यालाच काही विक्रेते 'थिक्सोट्रॉपिक' म्हणतात, ते बरोबर नाही. हा १९२७ साली घडवलेला शब्द, ग्रीक 'थिक्सिस' म्हणजे स्पर्श यावरून. ढवळल्यावर पातळ होऊन मग वेळ घेऊन पुन्हा दाट होणाऱ्या पदार्थांसाठी. झँथनला असा वेळ लागत नाही. बाटली हलवली की ओतता येतं, टेबलावर ठेवली की आहे तसं. बहुतेक कामांत हेच हवं असतं.

खरेदी करताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली जाळी (मेश), म्हणजे दळणाचा बारीकपणा; आकडा मोठा तितकं दळण बारीक. ८० मेशची पावडर जाडसर; ती पाण्यात सहज पसरते पण भिजायला वेळ घेते. २०० मेशची मैद्यासारखी. लवकर भिजते, पण निष्काळजीपणे टाकली तर हमखास गाठी. हाताने ढवळणार असाल तर ८०, ब्लेंडर असेल तर २००. दुसरी गोष्ट, पारदर्शक की साधी. साध्या ग्रेडचं द्रावण दुधी, गढूळ दिसतं. त्यात भेसळ नसते, जीवाणूंच्या पेशींचे अवशेष असतात. पारदर्शक जेल किंवा सीरम करायचं असेल तर वेगळी 'क्लिअर' ग्रेड मागावी लागते, आणि फक्त दाटपणा हवा असेल तर तिची गरज नाही. तिसरी, घटकांची ओळ. तिथे माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भर, असेल तर पुडीतला सगळा माल गम नाही आणि खाली दिलेली प्रमाणं लागू पडणार नाहीत.

चांगल्या पुरवठादाराकडे मालासोबत तपासणीचा कागद मिळतो. त्यावर नेहमी दिसणारी नोंद अशी: १ टक्का पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात १ टक्का गम, ब्रूकफिल्ड या श्यानता मोजायच्या यंत्रावर मिनिटाला ६० फेऱ्या, श्यानता १२०० ते १७०० सेंटिपॉइज. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिपॉइज असते, त्यावरून अंदाज येईल. पण फेऱ्यांचा वेग लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. ढवळल्याने पातळ होणारा पदार्थ सावकाश फिरवून मोजला की आकडा कितीतरी मोठा येतो आणि माल भारी वाटतो.

आता घोळवायची रीत. एका लिटर पाण्याला ३ ग्रॅम गम, म्हणजे ०.३ टक्के, हे सुरुवातीला धरायचं प्रमाण. वजन काट्यावरच करायचं, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या. चमच्याचा भरवसा धरू नये; एक सपाट लहान चमचा तीनेक ग्रॅमचा असतो, पण पावडर दाबली गेली की बदलतो, आणि इथे एका ग्रॅमने सरबताचा रस्सा होतो. गम कोरडाच दहापट साखरेत मिसळून घ्यायचा. साखर चालणार नसेल तर पाचपट ग्लिसरीनमध्ये किंवा तेलात कालवून पातळ लगदा करायचा. या सगळ्यात उद्देश एकच: पाणी लागण्याआधी कण एकमेकांपासून सुटे करणं. पाणी साधं आणि नुसतं असावं, मीठ नाही, आंबट नाही. ब्लेंडरने भोवरा उठवायचा आणि त्याच्या कडेवर अर्धा ते एक मिनिट घेत मिश्रण भुरभुरवायचं. दोन मिनिटं फिरवायचं. मग पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. हँडब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडलेलं ठेवायचं. ते वर आलं की हवा आत ओढली जाते, आणि मघाच्या पेल्यातल्यासारखे बुडबुडे अडकून बसतात ते स्वतःहून निघत नाहीत. निर्वात पंप नसेल तर त्यांना काढायचा सोपा उपाय नाही, म्हणून हवा शिरूच न देणं बरं.

मीठ, लिंबाचं सत्त्व, व्हिनेगर हे सगळ्यात शेवटी. एकदा भिजलेल्या गमला मीठ आणि आम्ल बहुतांशी चालतं, हा त्याचा मोठाच गुण. पण मिठाच्या पाण्यात कोरडा गम टाकला तर तो भिजायलाच तयार होत नाही. अल्कोहोलचंही तसंच. आधी पाण्यात भिजवून घेतला तर निम्मं अल्कोहोल सहन करतो, त्याहून फार वाढवलं की धाग्यांसारखा बाहेर पडतो. कारखान्यात त्याला वेगळं काढतात ते याच युक्तीने.

गाठी पडल्याच तर त्यांचं कारण समजून घ्यावं. कणांच्या पुंजक्याला बाहेरून पाणी लागतं, बाहेरचा थर क्षणात फुगतो आणि आतल्या कोरड्या पावडरीभोवती पिशवी शिवून टाकतो. माशाच्या डोळ्यासारखे पारदर्शक गोळे दिसतात, फोडले तर आत पांढरी कोरडी भुकटी. अशा वेळी आणखी गम टाकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. अजून भिजत असलेला गम तासाभराने आपला दाटपणा दाखवतो आणि मग लाळेसारखी तार धरणारं काहीतरी हाती येतं. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं, सकाळी पुन्हा फिरवावं. तरीही राहिलेले गोळे गाळले, तर तितका गम कमी झाला हे लक्षात ठेवावं.

प्रमाणाचा हात असा बसतो: ०.१ टक्क्याला पाण्याला जरासं अंग येतं. ०.२ ते ०.३ टक्क्यांत ओतता येईल असा दाटपणा येतो आणि कण तरंगत राहतात. ०.५ टक्क्याला चमच्याला जाड थर धरतो. १ टक्का म्हणजे ओतताना लोळे पडतात. ०.५ च्या पुढे जिभेला आणि बोटांना बुळबुळीतपणा जाणवतो, आणि हा या मालाचा खरा दोष आहे, कुठल्याही ग्रेडने जात नाही. त्यावर तोड म्हणजे गम कमी करून उरलेला दाटपणा ग्वार गमने, म्हणजे गवारीच्या बियांच्या डिंकाने, भरणं. दोघं मिळून बेरजेपेक्षा जास्त दाट करतात.

मक्याच्या स्टार्चशी तुलना टाळता येत नाही. स्टार्चला ७० अंशांच्या आसपास शिजवावं लागतं, झँथन थंड पाण्यातच काम करतो. शिजलेलं स्टार्च काही दिवसांनी पाणी सोडतं, गोठवून वितळवलं तर फारच. झँथनचं द्रावण गोठवून वितळवलं तरी जवळपास तसंच राहतं. गरम असताना आणि थंड झाल्यावर त्याचा दाटपणा फारसा बदलत नाही, म्हणून चुलीवर बघितलेला अंदाज ताटात चुकत नाही. आणि तोंडातल्या लाळेतलं अमायलेज हे पाचक विकर स्टार्च तोडतं, झँथनला तोडू शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. अशा व्यक्तींच्या पेयांत घालायचे तयार थिकनर दोन जातींचे, स्टार्चचे आणि झँथनचे. स्टार्चने दाट केलेल्या पेयात लाळेचा चमचा परत परत बुडला की ते पातळ होत जातं, आणि नेमकं पातळच श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शिवाय पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेलं बद्धकोष्ठाचं औषध स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळलं तर पेय एकदम पातळ होतं. झँथनची जात इथे उजवी. दाटपणा किती, हे डोळ्यांनी ठरवू नये. गिळायला त्रास होणाऱ्यांच्या अन्नपेयांचा दाटपणा ठरवायच्या आंतरराष्ट्रीय आयडीडीएसआय पद्धतीत साधी सुईविना १० मिलीची सिरिंज वापरतात, जिच्यावरची शून्य ते १० मिलीची खूण ६१.५ मिलिमीटर लांब असते. तोटीवर बोट धरून १० मिली भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंदांनी परत लावायचं. १ मिलीहून कमी उरलं तर पातळी शून्य; १ ते ४ उरलं तर एक; ४ ते ८ तर दोन; ८ हून जास्त उरून थोडं गळलं तर तीन; काहीच गळलं नाही तर चार. कोणती पातळी हवी ते गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांनी सांगायचं, आणि पेय कालवून डब्यावर लिहिलेली मिनिटं झाल्यावरच मोजायचं, कारण दाटपणा उशिरा येतो. दुधात तर आणखी उशिरा. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना मात्र असे थिकनर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीही देऊ नयेत. झँथनच्या एका उत्पादनाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०११ मध्ये आतड्याच्या गंभीर आजारावरून तसा इशारा दिला होता.

कॉस्मेटिक करणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं. झँथनवर ऋण भार असतो, त्यामुळे केसांच्या कंडिशनरमधल्या धनभारी घटकांशी त्याचं जमत नाही. दोघं भेटले की दोऱ्या आणि गुठळ्या. ब्लीचसारखं ऑक्सिडीकारक घातलं तर उलट होतं, साखळ्या तुटतात आणि काही दिवसांत बाटलीत पाणी. आणि गम स्वतः टिकाऊ असला तरी त्याचं द्रावण जंतूंना आवडतं. परिरक्षक न घातलेलं द्रावण फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही.

ज्यांना खरोखर मूर्ती हवी आहे, त्यांच्यासाठी झँथन एकटा उपयोगाचा नाही, पण जोडीने आहे. लोकस्ट बीन गम नावाचा कॅरोबच्या बियांचा डिंक मिळतो. तोही एकटा फक्त दाट करतो. दोन्ही समान घेऊन, मिळून ०.४ टक्के, पाण्यात पसरवून ८५ अंशांपर्यंत तापवायचं, कारण लोकस्ट बीन थंडीत पूर्ण भिजत नाही. थंड होताना लवचीक, रबरासारखी ओढली जाणारी जेली बनते. पुन्हा तापवली की वितळते, थंड केली की पुन्हा धरते. पाणिनीच्या हिशोबाने इथे शीन म्हणायला हरकत नाही.

राहता राहिली सांडलवंड. कोरडी पावडर फरशीवर सांडली तर ओलं फडकं लावायचं नाही. पाणी लागताच तिथे बर्फासारखी निसरडी जागा तयार होते आणि पुसाल तितकी पसरते. आधी कोरड्या ब्रशने भरून घ्यायची, मग उरलेल्यावर भरपूर मीठ टाकून घासायचं, आणि पाणी अगदी शेवटी.